टोरॉन्टोचे १,२०,००० की डॅलसचे १,२०,०००? पगार, खर्च आणि शिल्लक यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं चौकोनी कुटुंब, मुलं चार आणि आठ वर्षांची. कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, हातात आहे आणि टोरॉन्टोत वर्षाला १,२०,००० कॅनेडियन डॉलरची नोकरी ठरली आहे. त्याच वेळी डॅलसमध्ये एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर १,२०,००० अमेरिकन डॉलरची ऑफर आली आहे. सुरुवातीला पगार एकाचाच. हातात कुठे जास्त उरेल?

बहुतेक जण इथे लगेच गुणाकार करतात. २०२४ मध्ये एका अमेरिकन डॉलरला सरासरी १.३७ कॅनेडियन डॉलर पडत होते. त्या भावाने डॅलसचा पगार १,६४,००० कॅनेडियन होतो आणि विषय तिथेच मिटतो. पण डॅलसमध्ये भाडं, दूध, शाळेचे बूट हे सगळं अमेरिकन डॉलरमध्येच घ्यायचं असतं, आणि टोरॉन्टोचं कॅनेडियनमध्ये. बाजारातला विनिमय दर तेलाच्या किमतीवर आणि व्याजदरांवर हलतो. २०११ मध्ये दोन्ही डॉलर जवळपास बरोबरीत होते, २०१६ च्या जानेवारीत हाच दर १.४६ च्या आसपास गेला. तेवढ्या काळात टोरॉन्टोतला किराणा काही अमेरिकेच्या तुलनेत तेवढ्या पटीने स्वस्त झाला नाही. ओईसीडी संस्था दोन्ही देशांतल्या किमती ताडून जो क्रयशक्तीचा दर काढते, तो अलीकडच्या वर्षांत १.१५ ते १.२० च्या दरम्यान आहे. पगाराची ढोबळ तुलना करायचीच असेल तर तो दर वापरा. नीट करायची असेल तर दोन्हीकडचा हिशेब आपापल्या चलनात शेवटपर्यंत न्या आणि फक्त उरलेली शिल्लक बदला, तीही ती शिल्लक भारतात पाठवायची असेल तरच.

आता हिशेब मांडू. आकडे २०२४ च्या करवर्षाचे आहेत. दरवर्षी टप्पे थोडे सरकतात, पण चित्र फारसं बदलत नाही.

हातात किती येतं

टोरॉन्टो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत १,२०,००० वर, जोडीदाराला उत्पन्न नसताना, केंद्राचा कर सुमारे १६,२०० आणि प्रांताचा कर ९,१७० बसतो. प्रांताच्या आकड्यात ७५० डॉलरचा ऑन्टारिओ हेल्थ प्रीमियमही आला. शिवाय सीपीपी म्हणजे कॅनडाच्या पेन्शनचे ४,०५५ आणि बेरोजगारी विम्याचे १,०४९. हातात येतात ८९,५००.

त्यात कॅनडा चाइल्ड बेनिफिट मिळवा. जुलै २०२४ पासूनच्या वर्षात सहा वर्षांखालच्या मुलामागे कमाल ७,७८७ आणि त्यावरच्या मुलामागे ६,५७० मिळतात, मग कुटुंबाचं उत्पन्न वाढेल तसे ते कमी होत जातात. तुमच्या उत्पन्नाला दोन्ही मुलांचे मिळून सुमारे ६,३०० होतात, आणि यावर कर नाही. एकूण ९५,८००.

या बेनिफिटबाबत दोन ठिकाणी लोक अडकतात. पीआरवर आलेल्यांना पहिल्या महिन्यापासून अर्ज करता येतो, पण आरसी-६६ हा फॉर्म आणि त्याला जोडून परदेशातल्या उत्पन्नाचं परिशिष्ट स्वतः भरावं लागतं, आपोआप काही येत नाही. वर्क परमिटवर असाल तर अठरा महिने राहून झाल्याशिवाय पात्रता नाही. दुसरं, दरवर्षी नवरा-बायको दोघांनीही रिटर्न भरायलाच हवं. ज्याचं उत्पन्न शून्य आहे त्याने भरलं नाही की जुलैपासून पैसे बंद होतात, आणि सप्टेंबरात लक्षात आल्यावर फोनाफोनी सुरू होते.

आता डॅलस. टेक्ससला राज्याचा आयकर नाही. एकत्र रिटर्न भरलं तर २९,२०० ची ठरलेली वजावट मिळते, आणि उरलेल्या ९०,८०० वर केंद्राचा कर १०,४३२ बसतो. इथे सगळे जण मुलामागे २,००० ची सूट धरून मोकळे होतात. ती सूट मिळण्यासाठी मुलाकडे सोशल सिक्युरिटी नंबर असावा लागतो. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आलेल्या मुलांना तो मिळत नाही, आयटीआयएन हा फक्त करासाठीचा नंबर मिळतो, आणि त्यावर सूट फक्त ५०० ची. म्हणजे दोन मुलांची मिळून ४,००० ऐवजी १,०००. जोडीदारालाही आयटीआयएन काढावा लागतो, त्याशिवाय एकत्र रिटर्न भरता येत नाही. तेव्हा कर ९,४३२. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के म्हणजे ९,१८०. उरले १,०१,४००.

यातून आरोग्य विम्याचा हप्ता जायचा आहे. केएफएफ या आरोग्यविषयक अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत कुटुंबाच्या विम्याचा वार्षिक हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले ६,२९६ नोकरदाराच्या पगारातून कापले जात होते. हा हप्ता करपूर्व कापला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष झळ पाच हजारांच्या थोडी वर. शेवटी हातात ९६,३००.

तर टोरॉन्टोत ९५,८०० कॅनेडियन आणि डॅलसमध्ये ९६,३०० अमेरिकन. ‘कॅनडात कर फार’ हे वाक्य ऐकून आलेल्यांना हा निकाल पटत नाही, पण मुलं असलेल्या, एका पगाराच्या कुटुंबासाठी तो असाच येतो. एकट्या माणसाचा हिशेब वेगळा आहे. तिथे टोरॉन्टोत ८६,३०० आणि डॅलसमध्ये विम्याआधी ९२,५०० उरतात, आणि फरक जाणवतो. पगार जितका वर चढेल तितकी ही दरी रुंदावते, कारण अमेरिकेतले वरचे टप्पे खूप उंचावर सुरू होतात.

जाता जाता, कॅल्गरीत कर कमी असतो असं गृहीत धरून तिकडे बघणाऱ्यांसाठी. २०२४ मध्ये एकट्या माणसाच्या १,२०,००० पगारावर अल्बर्टाचा प्रांतीय कर सुमारे ९,३०० येत होता आणि ऑन्टारिओचा दहा हजार. फरक जेमतेम ७०० डॉलरचा. कॅल्गरीचा खरा फायदा घरांच्या किमतीत आणि विक्रीकरात आहे. तिथे फक्त ५ टक्के जीएसटी, ऑन्टारिओत १३ टक्के एचएसटी. डॅलसमध्ये विक्रीकर ८.२५ टक्के. साधा किराणा तिन्हीकडे करमुक्त आहे.

घर

तुलनेतला सगळ्यात मोठा आकडा हा आहे, आणि तो देशापेक्षा शहरावर ठरतो. व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटल दोन्ही महाग, कॅल्गरी आणि डॅलस दोन्ही त्यामानाने परवडणारी. टोरॉन्टो विरुद्ध डॅलस ही जोडीच मुळात कॅनडावर अन्याय करणारी आहे, पण तुमच्या हातातल्या ऑफर याच आहेत.

आधी भाडं. टोरॉन्टो परिसरातल्या मिसिसागा किंवा स्कारबरोत दोन बेडरूमच्या घराचा नवा करार २,७०० ते २,९०० ला होतो. डॅलसच्या आसपास आयर्व्हिंग, प्लेनो भागात, चांगल्या शाळेच्या हद्दीत, १,८०० ते २,१००. ऑन्टारिओत एक गोष्ट सही करण्याआधी विचारायची: इमारतीत पहिल्यांदा राहायला कधी आले? १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नाही. जुन्या इमारतीत २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी वाढ सहसा २.५ टक्क्यांच्या वर नेता येत नव्हती. चकचकीत नव्या टॉवरमध्ये शंभर डॉलर स्वस्त मिळालेलं घर दुसऱ्या वर्षी तीनशेने महाग होऊ शकतं, आणि त्यावर दाद मागायला जागा नसते. टेक्ससमध्ये भाडेनियंत्रण नाहीच, तेव्हा तिथे ही शक्यता सगळ्यांनाच धरून चालावं लागतं.

विकत घ्यायचं म्हटलं तर दरी खोल होते. टोरॉन्टो परिसरात २०२४ मध्ये घराची सरासरी किंमत ११ लाखांच्या वर होती. आपण १० लाखांचं घर धरू, २० टक्के भरले, ८ लाखांचं कर्ज, २५ वर्षं, साडेचार टक्के. हप्ता महिन्याला सुमारे ४,४३०. पण तिथवर जायची वेळच येत नाही. बँकेला कर्ज तपासताना ठरलेल्या व्याजापेक्षा दोन टक्के जास्त दर लावून बघावं लागतं, म्हणजे साडेसहा टक्के. घराचा एकूण मासिक खर्च कर कापण्याआधीच्या पगाराच्या साधारण ३९ टक्क्यांत बसायला हवा. तुमच्या पगाराला ही मर्यादा ३,९०० येते. त्यातून मालमत्ता कर आणि हीटिंगचे मिळून पावणेपाचशे वजा केले, तर कर्ज निघतं पाच लाख दहा हजारांच्या आसपास. एका पगारावर टोरॉन्टोत स्वतंत्र घर होत नाही, हे आधीच गृहीत धरा. वर खरेदीच्या दिवशी जमीन हस्तांतरण कर, तोही टोरॉन्टो शहरात दोनदा, एकदा प्रांताचा आणि एकदा शहराचा. १० लाखांच्या घरावर दोन्ही मिळून ३२,९५० डॉलर. पहिलं घर असेल तर त्यातले कमाल ८,४७५ परत मिळतात. शहराची हद्द ओलांडून मिसिसागात घेतलं तर शहराचा वाटा, म्हणजे अर्धी रक्कम, वाचते.

डॅलस भागात चार लाखांत बरं घर येतं. ३,२०,००० चं कर्ज, ३० वर्षं, पावणेसात टक्के, हप्ता २,०७५. त्यावर मालमत्ता कर येतो, आणि टेक्ससची मेख तिथे आहे. आयकर नसल्याची भरपाई ते राज्य इथे करतं. स्वतः राहात असल्याची सवलत धरूनही वर्षाला सहा ते साडेसात हजार जातात. नव्या वसाहतींत पाणी-रस्त्यांच्या विशेष जिल्ह्यांचा कर वेगळा. गारपिटीमुळे घराचा विमाही तगडा, महिन्याला तीनशेच्या घरात. सगळं मिळून २,८७५ ते ३,०००. दर वर्षी येणाऱ्या मूल्यांकनाच्या नोटिशीवर साधारण १५ मेपर्यंत हरकत घेता येते. ती जरूर घ्या, बऱ्याच वेळा आकडा खाली येतो. टोरॉन्टोत मालमत्ता कर हलका आहे, पाऊण टक्क्याच्या आसपास, तोही १ जानेवारी २०१६ च्या मूल्यावर, कारण त्यानंतर ऑन्टारिओत फेरमूल्यांकनच झालेलं नाही.

अमेरिकेत गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत आहे, कॅनडात नाही, हा मुद्दा हटकून पुढे येतो. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज २१,५०० आणि मालमत्ता कर ७,००० मिळून २८,५०० होतात. ठरलेली वजावटच २९,२०० ची आहे. म्हणजे सवलत कागदावर आहे आणि फायदा जवळजवळ शून्य. त्यापेक्षा मोठा फरक व्याजदराच्या मुदतीत आहे. अमेरिकेत ३० वर्षांचा दर एकदाच ठरतो, आणि दर खाली आले तर कर्ज बदलून घेता येतं. कॅनडात दर बहुधा पाच वर्षांपुरताच असतो. २०२० मध्ये दोन टक्क्यांनी घेतलेली कर्जं २०२५ मध्ये चार टक्क्यांच्या वर नूतनीकरणाला आली, तेव्हा हप्ते शेकड्यांनी वाढले. कॅनडात घर घेताना पाच वर्षांनंतरचा हप्ता दोन टक्के वर धरून झेपतो का, हे स्वतःच तपासा.

आजारपण

अमेरिकेतला हप्ता ही फक्त सुरुवात. डिडक्टिबल म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, ती भरेपर्यंत बिल तुमचं, मग ठरावीक टक्के तुमचे, आणि एक वार्षिक कमाल मर्यादा. २०२४ मध्ये कायद्याने ही मर्यादा कुटुंबासाठी १८,९०० डॉलर होती. जानेवारीत मीटर पुन्हा शून्यावर येतो, म्हणून डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपलेलं आजारपण दोन वर्षांचं डिडक्टिबल खातं. टाळता येणारी शस्त्रक्रिया असेल तर ती एकाच वर्षात, शक्यतो वर्षाच्या पूर्वार्धात बसवतात, ते याचसाठी. निरोगी कुटुंबाने महिन्याला तीनशे डॉलर खिशातले धरावेत. एचएसए, म्हणजे दवाखान्याच्या खर्चासाठीचं बचत खातं, चालणारी योजना असेल तर २०२४ साठी कुटुंबाला ८,३०० पर्यंत करमुक्त बाजूला टाकता येत होते. चांगली सोय आहे, पण तेवढे पैसे हाताशी असणाऱ्याला.

खरा धोका नोकरी गेल्यावरचा. कोब्रा योजनेत जुना विमा सहसा अठरा महिने चालू ठेवता येतो, मात्र पूर्ण हप्ता अधिक दोन टक्के स्वतः भरून. वरच्या सरासरीने महिन्याला २,१७० डॉलर, तेही पगार बंद असताना.

ऑन्टारिओत डॉक्टर आणि हॉस्पिटलचं बिल येत नाही. येतात ती औषधं, दात, चष्मा आणि फिजिओथेरपीची बिलं. कंपनीचा पूरक विमा त्यातला बराच भाग उचलतो. खासगी विमा नसलेल्या २५ वर्षांखालच्यांना बरीच औषधं प्रांताकडून मिळतात. किंमत पैशात नाही तर वेळात मोजावी लागते. फॅमिली डॉक्टर मिळणं अवघड, तज्ज्ञाची भेट महिन्यांनी. गुडघ्याचं किंवा त्वचेचं जुनं दुखणं असणाऱ्याला हे फार जाचतं. हृदयविकाराचा झटका किंवा कर्करोग अशा वेळी यंत्रणा तत्परतेने हलते आणि घर गहाण पडत नाही. माझं मत विचाराल तर, घरात मधुमेहासारखा कायमचा आजार असेल तर हा एकच मुद्दा टोरॉन्टोकडे पारडं झुकवायला पुरेसा आहे.

महिन्याचं अंदाजपत्रक

टोरॉन्टोत महिन्याला ७,९८० येतात. भाडं २,८००, वीज-इंटरनेट-फोन ३५०, किराणा १,२००, एक गाडी हप्ता-विमा-पेट्रोल धरून ९५०, टीटीसीचा (शहराच्या बस-मेट्रोचा) मासिक पास १५६, औषधं आणि दात १००, कपडे-शाळा-बाहेर खाणं ५००. जातात साधारण ६,०५०, उरतात १,९३०.

डॅलसमध्ये ८,०२५ येतात. भाडं २,०००, वीज वगैरे ४०० (उन्हाळ्यात एसीला पर्याय नाही), किराणा १,१००, दोन गाड्या १,५००, खिशातला दवाखाना ३००, बाकी ५००. जातात ५,८००, उरतात २,२२५ अमेरिकन.

यातल्या काही ओळी वादाच्या आहेत. दूध, अंडी आणि चिकन कॅनडात महाग पडतं, कारण तिथे उत्पादनाचा कोटा आणि आयातीवरचा कर यांनी भाव धरून ठेवलेले आहेत. २०२४ मध्ये पेट्रोल कॅनडात लिटरला दीड कॅनेडियन डॉलर म्हणजे गॅलनला ४.१५ अमेरिकन पडत होतं, डॅलसमध्ये ते तीनच्या आसपास. पण डॅलसमध्ये गाडी घराबाहेर पडायचा एकमेव मार्ग आहे, तेव्हा पेट्रोल स्वस्त असूनही वाहतुकीचा एकूण खर्च तिथेच जास्त. टोरॉन्टो परिसरात गाडीचा विमा पिनकोडवर ठरतो आणि ब्रॅम्प्टन त्यात सगळ्यात महाग. आपली वस्ती आहे म्हणून ब्रॅम्प्टनला घर घेण्याआधी विम्याचा आकडा दोन पिनकोड टाकून बघा. कॅनडात आल्यावर भारतातला गाडी चालवण्याचा अनुभव कागदावर सिद्ध केला नाही तर विमा नवशिक्याचा बसतो. निघण्याआधी आरटीओतून परवान्याचा तपशील आणि विमा कंपनीकडून नो-क्लेमचं पत्र इंग्रजीत घ्या.

आता शिल्लक बदलू. २,२२५ अमेरिकन म्हणजे १.३७ ने सुमारे ३,०५० कॅनेडियन. पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते चालू असतील आणि शिल्लक तिकडेच जाणार असेल, तर डॅलस दर महिन्याला ११०० कॅनेडियनने पुढे आहे. शिल्लक तिथेच घरासाठी साठवायची असेल तर हा गुणाकार करायचा नाही. त्याऐवजी ती तिथल्या घराच्या २० टक्क्यांशी ताडा. डॅलसमध्ये लागतात ८०,०००, टोरॉन्टोत दोन लाख. महिन्याला २,२२५ ने तीन वर्षं, १,९३० ने साडेआठ वर्षं.

दुसरा पगार

इथे चित्र उलटू शकतं, आणि बहुतेक तुलनांत हाच मुद्दा सुटतो. कॅनडात नवरा-बायकोचा कर वेगवेगळा मोजतात. दुसऱ्याचा पगार स्वतःच्या शून्यापासून सुरू होतो. पीआर असल्यामुळे जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. समजा ६०,००० ची नोकरी लागली. तिच्यावर हातात येतात ४६,५००. जोडीदाराची करसवलत जाते, वर्षाला ३,२०० कमी. चाइल्ड बेनिफिट ३,४०० ने घटतो. निव्वळ भर ४०,००० च्या जवळ, महिन्याला ३,३००. ऑन्टारिओत चौथ्या वर्षी पूर्ण दिवसाची सरकारी बालवाडी सुरू होते, त्यामुळे पाळणाघराचा खर्च शाळेच्या आधी-नंतरचाच, दोन्ही मुलांचा सहाशे धरा. त्याहून लहान मूल असतं तर सरकारी करारात सामील असलेल्या पाळणाघरात जानेवारी २०२५ पासून दिवसाला कमाल २२ डॉलर, मात्र जागेची रांग लांब असते, गरोदरपणातच नाव नोंदवतात. तर टोरॉन्टोची शिल्लक १,९३० वरून ४,६०० च्या पुढे जाते. डॅलसचे ३,०५० मागे पडले.

अमेरिकेत एकत्र रिटर्नमुळे दुसरा पगार पहिल्याच्या डोक्यावर, वरच्या टप्प्यापासून मोजला जातो. पण तो नंतरचा प्रश्न. एच-फोरवरच्या जोडीदाराला काम करता येतं ते मूळ नोकरदाराच्या ग्रीन कार्डच्या अर्जातला आय-१४० हा टप्पा मंजूर झाल्यावर, म्हणजे अनेकदा दोन-तीन वर्षांनी. कंपनीतल्या कंपनीत बदली होऊन एल-वन व्हिसावर गेलात तर गोष्ट वेगळी, त्याच्या जोडीच्या एल-टूवरच्या जोडीदाराला लगेच काम करता येतं. म्हणून कंपनीला व्हिसाचा प्रकार बदलता येतो का, हा प्रश्न पगाराच्या घासाघिशीइतकाच महत्त्वाचा.

उलट बाजूही सांगायला हवी. सॉफ्टवेअर, डॉक्टरी, नर्सिंग अशा क्षेत्रांत त्याच कामाला दोन्हीकडे सारखाच आकडा सहसा मिळत नाही, अमेरिकेतला आकडा मोठा असतो. डॅलसची ऑफर १,५०,००० असती तर वरच्या ३०,००० मधून कर जाऊन सुमारे २२,००० उरले असते. शिल्लक महिन्याला ४,००० अमेरिकन, म्हणजे साडेपाच हजार कॅनेडियन, आणि दोन पगारांचं टोरॉन्टोही मागे. तुमच्या बाबतीत तोलाची रेषा १,२०,००० आणि १,५०,००० च्या मध्ये कुठेतरी आहे. घासाघीस करायची तर तिथे करा. शाळेतला शिक्षक, ग्रंथपाल, दुकानातला कर्मचारी यांच्यासाठी हे सगळं उलट आहे. ऑन्टारिओत अनुभवी शिक्षकाची वेतनश्रेणी एक लाख कॅनेडियनच्या वर जाते. किमान वेतन ऑक्टोबर २०२४ मध्ये तासाला १७.२० झालं, टेक्ससमध्ये ते २००९ पासून ७.२५ वरच आहे.

सही करण्याआधी

डॅलसच्या कंपनीकडून कुटुंबाच्या विम्याचा मासिक हप्ता, डिडक्टिबल आणि वार्षिक कमाल मर्यादा हे तीन आकडे लेखी मागा. लहान कंपन्यांत कुटुंबाच्या हप्त्याचा मोठा भाग नोकरदारावर टाकतात, आणि मग वरचे ६,२९६ सहज दुप्पट होतात. सुट्ट्या विचारा, कारण अमेरिकेत पगारी रजेचा केंद्रीय कायदा नाही, ऑन्टारिओत निदान दोन आठवडे ठरलेले आहेत. नोकरी गेली तर एच-वन-बीवर ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी किंवा परतीचं तिकीट. भारतात जन्मलेल्यांच्या ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांच्या पुढे आहे, आणि मूल २१ वर्षांचं झालं की एच-फोरवरून बाहेर पडतं. तुमचं मोठं मूल आठ वर्षांचं आहे, तेव्हा हा हिशेब तेरा वर्षांचा मांडा. कॅनडात पाच वर्षांत १,०९५ दिवस राहून नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि मग कॅनेडियन नागरिक म्हणून टीएन व्हिसावर अमेरिकेत नोकरी करता येते, एच-वन-बीसारख्या लॉटरीशिवाय, फक्त व्यवसाय ठरलेल्या यादीत बसायला हवा. टीएन पीआरवर मिळत नाही, नागरिकत्वावरच.

भारतातल्या मालमत्तेचं काय होतं, हे निघण्याआधी पाहा. कॅनडात रहिवासी झालात की तुमच्या पुण्याच्या फ्लॅटची मूळ किंमत त्या दिवसाचा बाजारभाव धरली जाते, आधीच्या वाढीवर कॅनडा कर मागत नाही. तो भाव सिद्ध करायला नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल त्याच महिन्यात करून ठेवा, दहा वर्षांनी तो मिळत नाही. अमेरिका अशी सूट देत नाही. तिथे तुम्ही फ्लॅट घेतला तेव्हाची किंमतच धरतात. भारतातले म्युच्युअल फंड अमेरिकेत पीएफआयसी, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी, ठरतात, प्रत्येक फंडामागे वेगळा फॉर्म आणि जाचक कर, म्हणून ते रहिवासी होण्याआधी विकलेले बरे. परदेशी खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर गेले की एफबार हा त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म भरायचा. कॅनडात हीच माहिती टी-११३५ वर, एक लाखाच्या वरच्या मूळ किमतीला, आणि पहिल्या वर्षी तीही नाही.

सीपीपीत एकदा जरी वर्गणी गेली तरी म्हातारपणी तेवढ्यापुरतं पेन्शन निघतं, आणि भारत-कॅनडा सामाजिक सुरक्षा करार ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे. अमेरिकेशी असा करार नाही. तिथे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षं भरल्याशिवाय सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळत नाही, आणि मधेच परतलात तर वर्षाचे ७,४४० तिथेच राहतात. चार-पाच वर्षांत परत यायचं ठरलेलं असेल तर तेवढी रक्कम डॅलसच्या रकान्यातून आजच वजा धरा.